'नॉक अप' : पण कुणी केलं?

३१ ऑगस्ट १८८८, शुक्रवार. लंडनमधला व्हाइटचॅपल भाग. पहाटेचे पावणेचार होत आलेत. चार्ल्स क्रॉस नावाचा गाडीवान कामावर निघालाय. बक्स रो नावाच्या अंधाऱ्या गल्लीत, एका फाटकापाशी, त्याला ताडपत्रीसारखं काहीतरी पडलेलं दिसतं. जवळ जाऊन बघतो तर बाई. तेवढ्यात मागून रॉबर्ट पॉल येतो. तोही गाडीवानच. दोघं तिला हात लावून बघतात. मेलीय की दारू पिऊन पडलीय, नक्की कळत नाही. आणि दोघांनाही कामाला उशीर झालाय. वाटेत पोलीस दिसला की सांगू, असं म्हणून ते चालू लागतात.

पोलीस थोड्याच अंतरावर भेटतो. जोनास मायझन त्याचं नाव. गस्त घालता घालता तो लोकांची दारं ठोठावत असतो. कुणाला चारला उठायचंय, कुणाला साडेचारला. त्या काळी बरेच पोलीस गस्तीबरोबर हे कामही करत आणि त्यावर चार पैसे जास्तीचे मिळवत. पुढे मृत्यूच्या चौकशीत ज्युरीतल्या एकाने मायझनला नेमकं हेच विचारलं : निरोप मिळाल्यावरही तू लोकांना उठवतच राहिलास का? नाही, तो म्हणाला, एकाला उठवायला घेतलं होतं, तेवढंच पुरं केलं.

ती बाई म्हणजे मेरी ॲन निकोल्स. जॅक द रिपरच्या बळींच्या यादीत बहुतेक वेळा पहिलं येणारं नाव. त्या खुन्याविषयी इतकं लिहून झालंय की त्यात माझी भर नको. माझं लक्ष अडकलं ते मायझनच्या जोडधंद्यात. त्या कामाला तेव्हाच्या इंग्रजीत 'नॉकिंग अप' म्हणत. आज तुम्ही फोनवर 'नॉक अप' शोधलंत, तर सगळ्यात आधी भलताच अर्थ समोर येईल. २००७ साली याच नावाचा एक हॉलिवूडपट आला होता, 'नॉक्ड अप'. त्यात दार ठोठावण्याशी काही संबंध नाही. एका रात्रीच्या ओळखीतून नायिकेला दिवस जातात, त्याची ती गोष्ट आहे.

शाळेत आपण फ्रेझल व्हर्ब पाठ केले ते असेच. एक क्रियापद, त्याला चिकटलेलं एक चिमुकलं अव्यय, आणि पुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून दिलेले अर्थ. त्या अर्थांचा एकमेकांशी संबंध काय, हे कुणी सांगत नाही. बाई म्हणायच्या, "पाठ करा." पण शब्दाला इतके अर्थ येतात तेव्हा त्यातला प्रत्येक अर्थ कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी गरज पडली म्हणून वापरलेला असतो. 'नॉक अप'च्या बाबतीत ती माणसं आणि त्या जागा बऱ्यापैकी सापडतात.

अर्थ पहिला : दार ठोठावून उठवणे

हा अर्थ जुना. सॅम्युअल पेपिस हा इंग्लंडच्या नौदलाचा मोठा अधिकारी, पण आज तो ओळखला जातो तो त्याच्या रोजनिशीमुळे. ११ सप्टेंबर १६६३च्या नोंदीत तो सांगतो की पहाटे दोन-तीनच्या सुमाराला मागच्या अंगणातून ठोकाठोक झाली आणि त्याला जाग आली. खिडकीतून बघितलं तर गस्तीवाले. मागचं दार उघडं दिसलं म्हणून चौकशीला आले होते. पेपिस म्हणाला, दार लावून घ्या, आणि पुन्हा जाऊन झोपला. तिथे त्याने हाच शब्द वापरलाय.

'पुन्हा जाऊन झोपला' हे लक्षात ठेवा. कारण पुढच्या दोनशे वर्षांत या शब्दाचा धंदा झाला, आणि ज्यांच्यासाठी तो झाला त्यांना पुन्हा झोपायची सोय नव्हती.

गिरण्या आल्या, गोद्या वाढल्या, खाणी खोल गेल्या. कामाची वेळ सूर्यावरून न ठरता भोंग्यावरून आणि घड्याळावरून ठरू लागली. फाटक बंद व्हायच्या आत पोचला नाहीत तर मजुरी कापली जायची, किंवा परत घरी. पण घड्याळ होतं कुणाकडे? हवी ती वेळ लावता येईल असं गजराचं घड्याळ फ्रान्समध्ये अंत्वान रेदिए याने १८४७ साली पेटंट केलं खरं, पण मँचेस्टर किंवा ओल्डहॅमच्या कामगाराच्या खोलीत ते पोचायला बराच काळ जावा लागला. त्या फटीत 'नॉकर-अप' हा माणूस उभा राहिला.

बहुतेकदा म्हातारी माणसं, कधी बायका, कधी गस्तीचे पोलीस. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला तारा. त्याने वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचेवर टकटक करायची. दार का नाही ठोठावायचं? एक तर गिऱ्हाईक वरच्या मजल्यावर झोपलेलं. दुसरं म्हणजे दार वाजवलं की शेजारीही जागे होणार, आणि तेही फुकटात! लंडनच्या लाइमहाउस भागातल्या मेरी स्मिथ या बाईंचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तोंडात लांब नळी धरून त्या वरच्या खिडकीवर वाळलेले वाटाणे फुंकून मारतायत. आठवड्याला सहा पेन्स मिळायचे, असं त्या फोटोबरोबर सांगितलं जातं. इंग्लंडच्या उत्तरेला डरॅम परगण्यातल्या खाणवस्त्यांमध्ये घराच्या बाहेरच्या भिंतीत पाटी बसवलेली असायची. उद्याची पाळी किती वाजता आहे ते खाणकामगार त्यावर खडूने लिहून झोपायचा.

वाचताना गंमत वाटते. वाटाणे मारणारी आजी कुणाला आवडणार नाही? समाजमाध्यमांवर तो फोटो दर दोन-चार महिन्यांनी फिरतो, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पण एक साधा प्रश्न विचारून बघा. या उठवण्याचे पैसे कोण देत होतं?

कामगार. स्वतःच्या खिशातून. काम मालकाचं, वेळ मालकाने ठरवलेली, उशीर झाला तर दंड मालकाच्या खात्यात, आणि वेळेवर उठवण्याचा खर्च मात्र उठणाऱ्याचा. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली एक निबंध लिहिला, कारखानदारीने माणसाचा वेळेशी असलेला संबंध कसा बदलला यावर. आधी काम संपेपर्यंत काम असायचं, मग तास संपेपर्यंत काम आलं. वेळ 'घालवायची' गोष्ट राहिली नाही, 'खर्चायची' झाली. इंग्लंडमध्ये १८३२ साली संसदेच्या समितीपुढे कामगारांनी साक्षी दिल्या, त्यात कारखान्यातलं घड्याळच मागेपुढे केलं जातं अशा तक्रारी होत्या. अशा जगात खिडकीवरची टकटक ही चैन नव्हती. ती नोकरी टिकवण्याची किंमत होती.

अर्थ दुसरा : थकून मोडून जाणे

एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वाचताना हा अर्थ माहीत नसेल तर फजिती होते. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये ख्रिसमसच्या रात्री पळालेल्या कैद्यांच्या मागावर सगळे दलदलीतून तंगडतोड करतात. परत येताना मिस्टर वॉप्सल 'नॉक्ड अप' झालेले असतात आणि त्यामुळे भयंकर चिडलेले. कादंबरी १८६०-६१ची आहे. वॉप्सल फक्त दमलेत, घाबरू नका.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात गेलेल्या संशोधकांच्या रोजनिशांमध्येही हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, बहुतेकदा घोड्यांसाठी. घोडे 'नॉक्ड अप' झाले, आज पुढे जाता येत नाही. म्हणजे राबवून राबवून जनावराच्या अंगातलं बळ संपलं.

मला या दोन अर्थांचं शेजारपण महत्त्वाचं वाटतं. लँकेशायरमधली एखादी गिरणीतली मुलगी पहाटे 'नॉक अप' केली जायची आणि रात्री 'नॉक्ड अप' होऊन घरी यायची. एकाच शब्दात तिचा अख्खा दिवस. १८४७च्या कायद्याने इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांतल्या बायका आणि किशोरवयीन कामगारांचा दिवस दहा तासांचा केला. तोवर तो त्याहून मोठा होता, आणि दहा तासही काही थोडे नव्हेत.

मधले हलके अर्थ

सगळेच अर्थ असे जड नाहीत. घाईघाईत दोन अंडी फोडून काहीतरी खायला करणं, हेही ब्रिटिश इंग्रजीत 'नॉक अप'. दोन फळ्या ठोकून मांडणी उभी करणं, तेही. क्रिकेटमध्ये झटपट धावा जमवणं तेच, आणि टेनिसचा सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही खेळाडू चेंडू इकडून तिकडे मारत अंग मोकळं करतात तो 'नॉक-अप'.

आता हे अर्थ एका रांगेत मांडून बघा. ज्यावर क्रिया होते ती वस्तू असेल, म्हणजे जेवण, मांडणी, धावा, तर शब्द खेळकर असतो. ज्यावर क्रिया होते तो माणूस असेल, तर शब्द जड होतो. उठवलेला, थकवलेला. तिसरा राहिला.

अर्थ तिसरा : दिवस जाणे

शब्दकोशांच्या नोंदींप्रमाणे 'नॉक्ड अप' म्हणजे गरोदर, हा वापर १८१३ पासून सापडतो, आणि तो मुख्यतः अमेरिकेतला. 'नॉक' या शब्दाला शरीरसंबंधाचा अर्थ मात्र इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून होता. म्हणजे बी तिकडचं, झाड इकडचं.

त्या वेळच्या अमेरिकेत या शब्दाचा एक सख्खा भाऊ रोज ऐकू येत होता : 'नॉक डाउन'. लिलावात शेवटची बोली लागली, हातोडा पडला, माल अमक्याला 'नॉक डाउन' झाला. दक्षिणेकडच्या राज्यांत त्या मालात माणसंही होती. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला अमेरिकेत कायद्याने बंदी आली. मग संख्या वाढवायची तर ती देशातल्याच गुलाम बायकांच्या पोटातून. व्हर्जिनियाने १६६२ सालीच कायदा करून ठेवला होता की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. बाप गोरा मालक असला तरी आई गुलाम असेल तर मूल गुलाम. म्हणजे मालकाने बाईवर जबरदस्ती केली, तर त्याच्यावर जबाबदारी काहीच नाही, उलट मालमत्तेत एकाची भर.

शब्द लिलावातून जन्माला आला असं मी म्हणत नाही. पण ज्या समाजात तो रुळला, तिथे बाईच्या गरोदरपणाची अशीही एक वहिवाट होती. आणि शब्दाची रचना बघा. 'ती नॉक्ड अप झाली.' कर्मणी प्रयोग. कर्ता गायब. कुणी केलं, तिला हवं होतं का, पुढचं कोण निभावणार, यातलं काहीही वाक्यात यायची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन सैनिक ब्रिटनमध्ये येऊन राहिले. कुठले शब्द जपून वापरायचे हे सांगणारी पुस्तिकाच १९४२ साली अमेरिकेच्या युद्ध खात्याने त्यांच्यासाठी काढली होती. तेव्हापासून तो जुना विनोद चालत आलाय : घरमालक ब्रिटिश, पाहुणी अमेरिकन, आणि मालक मोठ्या अदबीने म्हणतो, सकाळी सात वाजता तुम्हाला 'नॉक अप' करू का? हसून झाल्यावर लक्षात येतं की दोन्ही अर्थांत विचारणारा तोच आणि जिच्यावर क्रिया होणार ती तीच. निदान त्याने विचारलं तरी.

आपली पाळी

मराठीत 'नॉक अप'ला एका शब्दाचा पर्याय नाही. उठवणं आपल्याकडे मुळात वेगळं होतं. वासुदेव पहाटे दारावर येऊन दान मागायचा तेव्हा तो देवाच्या नावाने जागं करायचा, कामाच्या नावाने नव्हे. भूपाळी तर आपण देवालाच उठवायला म्हणतो. कामासाठी झोपेतून उठवणारी यंत्रणा आली ती गिरणीबरोबर.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली, आणि ती १८५६ मध्ये चालू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, आणि त्यांतली बरीच यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून यायची. म्हणजे ज्या गावांत नॉकर-अप बांबू घेऊन फिरत होते, तिथूनच. यंत्रांबरोबर बांबूवाला आला नाही, भोंगा आला. एकाला उठवायला एक माणूस, हा हिशोब इथे नव्हता. अख्ख्या गिरणगावाला एकच आवाज. १९०६च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. घड्याळ पुढे गेलं म्हणजे उठणं ३९ मिनिटं अलीकडे आलं, आणि त्यावरून शहरात मोठा विरोध झाला. महापालिकेने तर 'बॉम्बे टाइम' पुढे अनेक वर्षं सोडला नाही.

आणि गिरणीने मराठीला एक शब्द नव्या अर्थाने दिला. पाळी. दिवसपाळी, रातपाळी, पहिली पाळी. आता हा शब्द जरा मोठ्याने म्हणून बघा. 'पाळी चुकली.' गिरणीत याचा अर्थ मजुरी बुडाली. घरात याचा अर्थ दिवस गेले. इंग्रजीत पहाटेची टकटक आणि गरोदरपण एका शब्दात आले, त्याचं आपण नवल करतोय, आणि आपल्याकडे तेच दोन अनुभव एका वाक्यात येऊन बसलेत. गिरणीत रिळांवर आणि वाइंडिंग खात्यात काम करणाऱ्या बाईला तर दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडायचे. एक पाळी चुकली की काही महिन्यांनी दुसरी चुकणार. तेव्हा मजुरी कोण देणार?

१९२८ साली हा प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात आला. बाळंतपणासाठी कामगार बाईला रजा आणि त्या रजेत पैसे मिळावेत, असं विधेयक होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, तेव्हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण मालकही सुटत नाही, असंही ते म्हणाले. कारण तो बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच. १९२९ साली कायदा झाला. भारतातला अशा प्रकारचा पहिला.

मला या युक्तिवादाचं महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठी की त्यात वाक्याला कर्ता परत मिळतो. 'ती अडली' असं न म्हणता, तिच्या श्रमाचा फायदा कोण घेतो आणि म्हणून देणं कुणाचं लागतं, हे स्पष्ट विचारलं जातं. पुढची गोष्ट मात्र सुखाची नाही. नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं, आणि त्यामागच्या कारणांत या कायद्याचा खर्च टाळू पाहणारे मालकही धरले जातात. पैसे द्यायची वेळ आली की बाईच नको, हा मार्ग तेव्हाही होता. नोकरीच्या मुलाखतीत "लग्नाचा विचार काय?" असं ज्यांना विचारलं गेलंय, त्यांना तो ओळखीचा वाटेल.

पुन्हा बक्स रो

नॉकर-अप हळूहळू संपले. गजराची घड्याळं स्वस्त झाली, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी बांबू भिंतीला टेकले. आता ती टकटक तुमच्या उशाशी असलेल्या फोनमध्ये आहे. फोन तुमचा, चार्जिंग तुमचं, हप्ताही तुमचाच. डिलिव्हरीची पाळी घेणाऱ्या मुलाचं पेट्रोलही त्याचंच. पुढच्या वेळी वाटाणे मारणाऱ्या आजीचा फोटो पुढे पाठवाल तेव्हा हे जरूर आठवा.

मेरी ॲन निकोल्सकडे त्या रात्री चार पेन्स नव्हते. निवारागृहातल्या एका खाटेचे तेवढे पडायचे, म्हणून तिला बाहेर काढलं गेलं. 'द फाइव्ह' या २०१९च्या पुस्तकात हॅली रुबेनहोल्ड यांनी मांडलंय की या बायकांवर हल्ला झाला तेव्हा त्या बहुधा झोपलेल्या होत्या. त्यांच्यावरचा 'वेश्या' हा शिक्काही रुबेनहोल्ड तपासून बघतात, आणि निकोल्सच्या बाबतीत त्याला पुरावा नाही असं त्या म्हणतात. तोही एक असाच शब्द, ज्यात बाईबद्दल सगळं सांगून होतं आणि बाकी कुणाबद्दल काहीच नाही.

१८९२ मध्ये बक्स रोचं नाव बदलून डरवर्ड स्ट्रीट करण्यात आलं. त्या पहाटे त्या गल्लीच्या आसपास सगळेच घड्याळाला बांधलेले होते. दोन गाडीवान उशीर झाला म्हणून पुढे गेले. पोलिसाने हातातलं दार आधी पुरं केलं. ज्या कुणाला त्याने शेवटी उठवलं, तो माणूस नेहमीसारखा वेळेवर कामावर पोचला असणार.